मांगलीची कवटी, मलेरीची लाल माती

सोनिवलीत किंवा बदलापूरच्या कुठल्याही भागात नव्या इमारतीचा पाया खणायला घेतला, की वरची माती सरल्यावर मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. चंदेरीचा कडा, माथेरानचे पठार, उल्हास नदीच्या पात्रात उन्हाळ्यात उघडे पडणारे खडक, हे सगळे एकाच लाव्हाचे थर आहेत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो जमिनीच्या भेगांतून बाहेर पडला आणि पसरत गेला. लाव्हात हाडे टिकत नाहीत. हाड टिकायचे तर त्यावर लवकर गाळ बसावा लागतो, नदीचा नाहीतर तळ्याचा. म्हणून आपल्या भागात जीवाश्म सापडले ते दोन लाव्हांच्या मधल्या काळात साचलेल्या गाळात. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशा गाळात इवल्याशा बेडकांचे सांगाडे मिळाले. लंडनच्या रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज त्या बेडकाला इंडोबॅट्रॅकस म्हणतात. सोनिवलीपासून लोकलने जाता येईल इतक्या जवळच्या पृष्ठवंशी जीवाश्मांत हे बेडूक येतात.

या पुस्तकातले ट्रायासिक काळातले प्राणी त्या बेडकांपेक्षा तिप्पट-चौपट जुने आहेत. त्यांचे खडक आपल्या पायांखाली आणखी खोल कुठेतरी असतील का, असा प्रश्न कुणालाही पडेल. महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर दोन ठिकाणी भोके पाडून मिळाले आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथे खोदलेल्या विंधनविवरात सुमारे ३४० मीटरवर बेसॉल्ट संपला. कोयनेच्या परिसरात तो नऊशे मीटरहून अधिक खोल गेला. दोन्हीकडे त्याखाली लागला तो अतिप्राचीन पाया, म्हणजे ग्रॅनाइट आणि त्याच्या जातीचे खडक. मधला काळ तिथे खडकात जवळजवळ उरलेलाच नाही. तो पाहायचा तर पूर्वेकडे जावे लागते. नागपूरच्या पुढे काळा पाषाण संपतो आणि वर्धा, वैनगंगा, प्राणहिता या नद्यांच्या खोऱ्यांत वालुकाश्म, दगडी कोळसा आणि लाल पंकाश्म उघडे पडतात. ही गोंडवनाची भूमी. जगभरच्या भूशास्त्रात दक्षिणेकडच्या जुन्या महाखंडाला जे नाव मिळाले, ते याच भूमीवरून.

ट्रायासिक हा कालखंड साधारण २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सुरू झाला आणि २० कोटी १० लाख वर्षांपूर्वी संपला. नाव जर्मनीत पडले. फ्रेडरिक फॉन आल्बर्टी यांनी १८३४ मध्ये तिथल्या तीन थरांच्या गटाला ते दिले, आणि ते सर्वत्र रुजले. त्यापलीकडे नावात काही शोधण्यासारखे नाही. शोधायचे आहे ते या काळाच्या सुरुवातीला काय झाले ते. सायबेरियात तेव्हा आपल्या दख्खनसारखाच, पण त्याहून मोठा, लाव्हाचा उद्रेक झाला. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, समुद्र तापले, त्यांतला प्राणवायू घटला. समुद्रातल्या दर दहा जातींपैकी आठांहून अधिक नष्ट झाल्या, आणि जमिनीवरही हानी तशीच भयंकर होती. पृथ्वीच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा संहार. जे थोडे उरले त्यांच्यापासून पुढच्या पाच कोटी वर्षांत नवे जग उभे राहिले.

त्या नव्या जगात कोण कोण आले ते पाहिले, की या काळाला माझ्या मते डायनोसोरांच्या काळाहूनही अधिक महत्त्व का द्यावे ते कळते. बेडकांचा पूर्वज मादागास्करमध्ये याच काळाच्या आरंभी मिळतो. कासवे याच काळातली. मगरींच्या कुळाची सुरुवात इथली, पाल-सरड्यांच्या वंशाची पहिली ओळख इथली. आपण ज्यांचे वंशज त्या सस्तन प्राण्यांचे पहिले नातलग याच काळाच्या शेवटी खुडबुडत होते. आणि डायनोसोर, ज्यांची एक शाखा आज आपल्या खिडकीत चिवचिवते, तेही इथेच जन्मले. मात्र तेव्हा ते कुणी मोठे नव्हते. ट्रायासिकच्या जगात बराच काळ इतरांचेच राज्य होते, आणि ते इतर आज कुणाला नावानेही माहीत नाहीत. हे पुस्तक मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

या प्राण्यांच्या भारतातल्या शोधाची सुरुवात नागपुरात झाली. स्कॉटलंडच्या डन्स गावचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये फ्री चर्चचे मिशनरी म्हणून तिथे पोचले. पुढे रॉबर्ट हंटर त्यांना येऊन मिळाले. शाळा चालवणे, भाषा शिकणे, गावोगाव फिरणे हे त्यांचे काम. आणि फिरताना दगड फोडून पाहणे हा दोघांचाही ध्यास. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, त्याच सुमारास हे दोघे नागपूरच्या परिसरातले खडक, पाने, शिंपले, कीटक यांची नोंद करत होते. त्यांचा नागपूरच्या भूशास्त्रावरचा लेख लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात १८५५ मध्ये छापला गेला. मध्य भारताच्या भूशास्त्राचा पाया घालणारे हे लेखन आहे.

नागपूरच्या दक्षिणेला सुमारे ६० मैलांवर मांगली हे गाव. तिथल्या लालसर वालुकाश्मात त्यांना एक कवटी मिळाली. ती लंडनला गेली, आणि वरळीच्या बेडकाचे वर्णन करणाऱ्या त्याच ओवेन यांच्या हाती पडली. त्यांनी १८५५ मध्ये तिला नाव दिले ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. चपटी, रुंद, तोंडाकडे आखूड अशी ही कवटी. डोळ्यांच्या खोबण्या वरच्या बाजूला. पाण्यात तळाशी पडून राहणारा, वरून जाणारा मासा तोंड उघडून गिळणारा उभयचर. पुढे असे आखूड तोंडाचे उभयचर ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेत सापडत गेले आणि त्या साऱ्या कुळाला ब्रॅकिऑपिडी हे नाव पडले. म्हणजे जगातल्या एका अख्ख्या कुळाचे नाव विदर्भातल्या एका कवटीवर उभे आहे. हे नागपूरच्या शाळांतल्या मुलांना माहीत असायला हवे.

पण त्या कवटीचे वय आजही पक्के ठरलेले नाही. काही अभ्यासक मांगलीचे थर ट्रायासिकच्या सुरुवातीचे मानतात, काही त्याआधीच्या पर्मियनच्या अखेरीचे. म्हणजे ती कवटी महासंहाराच्या अलीकडची की पलीकडची, हाच वाद आहे. कारण सरळ आहे. कवटी एकच मिळाली. सोबतीला शिंपल्यांसारखी कवचे असलेले बारीक कवचधारी प्राणी मिळाले, पण वय ठरवायला जे इतर पृष्ठवंशी लागतात ते नाहीत. एका हाडावर कुळाचे नाव ठेवता येते, काळ ठरवता येत नाही. हाडाची किंमत ते कुठल्या थरात, कुणाच्या शेजारी पडले होते यावर ठरते, आणि ते पुन्हा काढून पाहता येते का यावर. पुस्तकातल्या प्रत्येक प्राण्याच्या गोष्टीत हीच गोष्ट दडलेली आहे, म्हणून ती इथेच सांगून टाकतो.

मांगलीच्याही दक्षिणेला, आज तेलंगणात असलेल्या आसिफाबादकडच्या भागात मलेरी नावाचे गाव आहे. हिस्लॉप यांना तिथून दात मिळाले, पंख्यासारख्या कंगोऱ्यांचे चपटे दात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि एका जातीला हिस्लॉप यांचे, दुसरीला हंटर यांचे नाव दिले. मासा होता सेराटोडस. तेव्हा हा मासा जगाला फक्त दातांवरून ठाऊक होता. तो कसा दिसत असेल याची कुणालाच कल्पना नव्हती. पुढे १८७० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या नदीतला एक मोठा मासा शास्त्रज्ञांच्या हाती आला. त्याचे तोंड उघडून पाहिले तर तेच दात. फुप्फुसानेही श्वास घेणारा हा मासा आजही तिथे जिवंत आहे. मलेरीच्या डबक्यांत उन्हाळ्यात पाणी आटायचे, कुजायचे. अशा वेळी वरची हवा घेऊ शकणारा मासाच टिकत असे. दातांवरून हवामान वाचता येते ते असे.

मलेरीतूनच आणखी काही मिळाले, आणि त्याने थेट स्कॉटलंडमधला एक वाद सोडवायला हात दिला. तिथल्या एल्गिनजवळचे वालुकाश्म बराच काळ माशांच्या काळातले, डेव्होनियन मानले जात. टी. एच. हक्सली यांनी त्यातल्या एका सरपटणाऱ्या प्राण्याला १८५९ मध्ये हायपरोडॅपेडॉन असे नाव दिले. दहा वर्षांनी त्यांनी त्यावर पुन्हा लिहिले, तेव्हा मलेरीहून आलेली हाडे त्यांच्यासमोर होती आणि इंग्लंडच्या ट्रायासिक थरांतलीही. प्राणी तोच, किंवा अगदी जवळचा. मग एल्गिनचा वालुकाश्म डेव्होनियन कसा असेल? तो ट्रायासिकच ठरला. गोदावरीच्या खोऱ्यातली हाडे आणि उत्तर समुद्राच्या काठची हाडे एका टेबलावर ठेवली गेली आणि दोन्हीकडच्या खडकांचे वय एकमेकांच्या आधाराने ठरले. भारतातल्या जातीला पुढे हक्सली यांचेच नाव मिळाले, हायपरोडॅपेडॉन हक्सलेयी.

हा प्राणी नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण मलेरीच्या थरांत सर्वांत जास्त सापडतो तो हाच. डुकराएवढा किंवा त्याहून थोडा मोठा, पिंपासारखे अंग, मागे रुंद होत जाणारी त्रिकोणी कवटी आणि पुढे खाली वळलेली चोच. चोचीत दात नाहीत. दात आहेत ते मागे, वरच्या जबड्याच्या हाडी पाटीवर, रांगांत. त्या रांगांच्या मध्ये एक खोल खाच. खालच्या जबड्याची कड पात्यासारखी, आणि तोंड मिटले की ती बरोबर त्या खाचेत जाऊन बसते. अडकित्त्यात सुपारी कातरावी तसे हा प्राणी चिवट झाडपाला, मुळे, कठीण बिया कातरत असे. झिजलेले दात गळून पडत नसत. मागच्या बाजूने नवे दात येत आणि पुढचे घासून सपाट होत. एका पाटीवर त्या प्राण्याचे सगळे आयुष्य वाचता येते. हेच कुळ ब्राझील, अर्जेंटिना, टांझानिया, मादागास्कर इथेही मिळते. पोहून समुद्र ओलांडणारा हा प्राणी नव्हे. तो चालत गेला, कारण तेव्हा चालण्यासारखी सलग जमीन होती. भारत तेव्हा दक्षिण गोलार्धात, मादागास्कर आणि अंटार्क्टिका यांच्या मध्ये अडकलेला होता. दामोदर खोऱ्यातला लिस्ट्रोसॉरस नावाचा दोन सुळ्यांचा प्राणी १९६९ मध्ये अंटार्क्टिकातही सापडला, आणि खंड सरकतात यावर शंका घेणाऱ्यांना मोठा धक्का बसला.

स्टीफन हिस्लॉप यांना यातले फारसे पाहायला मिळाले नाही. टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ च्या रात्री ते पुराच्या पाण्यात बुडून गेले. वय ४५. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात १८८३ मध्ये सुरू झाले, आणि १८८५ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी मलेरीच्या एका लांब थोबाडाच्या प्राण्याला नाव दिले पॅरासुकस हिस्लॉपी.

या पॅरासुकसची हकीकत मी पुस्तकात एक अख्खे प्रकरण घेऊन सांगितली आहे, कारण हाडांच्या अभ्यासात काय काय घडू शकते ते तीत सगळे आहे. प्राणी दिसायला सुसरीसारखा, राहणीही पाण्यातली, पण सुसर नव्हे. नाकपुड्या थोबाडाच्या टोकाला नसून डोळ्यांच्या जवळ, उंचवट्यावर. मगरींच्या कुळाहून वेगळ्या, पुढे संपून गेलेल्या फायटोसॉर नावाच्या गटातला हा प्राणी. लिडेकर यांच्यासमोर जी हाडे होती ती अखंड सांगाड्याची नव्हती. गोळा केलेले तुकडे होते. त्यांत कवटीच्या मागच्या भागाचा जो तुकडा त्यांनी पॅरासुकसचा म्हणून घेतला, तो निघाला हायपरोडॅपेडॉनचा! दोन प्राणी एका नावाखाली गेले. पुढे शंकर चॅटर्जी यांनी १९७८ मध्ये मलेरीच्या थरांतून मिळालेल्या जवळजवळ पूर्ण सांगाड्यांच्या आधारे खरा पॅरासुकस उभा केला. पण नाव चिकटले होते ते एका थोबाडाच्या तुकड्याला, आणि तो इतका अपुरा की त्यावरून जात ओळखता येईना. शेवटी प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे प्रकरण गेले. आयोगाने २००३ मध्ये जुना तुकडा बाजूला ठेवून कोलकात्यात जपलेला पूर्ण सांगाडा त्या नावाचा आधार म्हणून मान्य केला. हिस्लॉप यांचे नाव टिकले ते त्या सांगाड्यामुळे.

त्या सांगाड्यांत आणखी एक गोष्ट होती. दोन पॅरासुकसांच्या बरगड्यांच्या आत, पोटाच्या जागी, दुसऱ्याच एका लहान, लांब मानेच्या प्राण्याची हाडे मिळाली. म्हणजे त्यांचे शेवटचे जेवण. चॅटर्जी यांनी १९८० मध्ये त्या खाल्ल्या गेलेल्या प्राण्याला नाव दिले मलेरिसॉरस रॉबिन्सोनी. कोण कुणाला खात होते हे जीवाश्मांत बहुधा अंदाजाने सांगावे लागते. इथे ते हाडांनीच दाखवले.

रॉबिन्सोनी हे नाव पामेला रॉबिन्सन यांच्यावरून. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या या जीवाश्मतज्ज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आल्या, आणि १९५७ च्या सुमारास तिथे भूशास्त्राचा विभाग उभा राहिला. सांख्यिकीच्या संस्थेत हाडांचे काय काम, असे आज वाटेल. महालनोबिस यांना वाटले नाही. मोजमाप आणि पुरावा जिथे आहे तिथे सांख्यिकी आहे, अशी त्यांची दृष्टी होती. पुढे चॅटर्जी यांनी मलेरीच्या एका सस्तनसदृश प्राण्याला एक्झेरेटोडॉन स्टॅटिस्टिसी हे नाव दिले, ते या संस्थेच्या ऋणातून. तपन रॉय चौधरी, टी. एस. कुट्टी, सोहनलाल जैन, शंकर चॅटर्जी ही त्या पहिल्या फळीतली माणसे. सिरोंच्याच्या परिसरातल्या कोटा थरांतून १९६१ च्या सुमारास बाहेर आलेला आणि १९७५ मध्ये रवींद्रनाथांच्या नावाने जाहीर झालेला बारापासॉरस टागोरेई हा महाकाय डायनोसोर त्यांचेच काम. तो मात्र ज्युरासिक काळातला. आपल्याकडे गडचिरोलीचा उल्लेख आला की त्याचीच चर्चा होते, म्हणून इथे वेगळे सांगतो : या पुस्तकाचा विषय त्याच्या आधी संपतो. तसेच चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची डायनोसोरांची हाडे आणि शेणाचे गोळे कितीही प्रसिद्ध असले, तरी ते लाव्हाच्या थोडेसेच आधीचे आहेत. त्यांच्यात आणि मलेरीच्या प्राण्यांत पंधरा कोटी वर्षांचे अंतर आहे.

या खोऱ्याचे मोठेपण एकेका प्राण्यात नाही, क्रमात आहे. येर्रापल्ली, भीमारम, मलेरी, धर्मारम असे थर एकावर एक आहेत, आणि मध्य ट्रायासिकपासून ज्युरासिकच्या उंबरठ्यापर्यंतचा काळ त्यांत उतरला आहे. एकाच प्रदेशात एवढ्या काळाचे जमिनीवरचे प्राणी असे ओळीने सापडणे जगात फार ठिकाणी होत नाही. येर्रापल्लीत चोच आणि दोन सुळे असलेला, डी. एन. वाडिया यांच्या नावाचा वाडियासॉरस आहे. त्याची अनेक हाडे एकाच जागी मिळाल्यामुळे तो कळपाने राहत असावा, असे अभ्यासक मानतात. त्याच थरातल्या मोठ्या डोक्याच्या एका शिकारी प्राण्याला २०२१ मध्ये भारीतलसुकस टपानी हे नाव मिळाले, तपन रॉय चौधरी यांच्या स्मरणार्थ.

वर मलेरीत आलो की लाल पंकाश्म सुरू होतात. मधे चुनखडीच्या बारीक गोट्या, कुठे शिंपल्यांचे थर. अशी माती बनते ती वर्षाचा काही भाग धो धो पाऊस आणि उरलेला काळ कडक कोरडा, अशा हवेत. सगळे खंड जोडलेले असताना पावसाळे अतिशय तीव्र असत, हे या मातीतूनच कळते. मलेरीच्या खालच्या भागात पाण्यातले मोठे उभयचर आहेत ते मेटोपोसॉर कुळातले, आज पँथासॉरस म्हणतात ते. वरच्या भागात ते गायब होतात आणि त्यांची जागा चिगुटिसॉर नावाच्या, आपल्या ब्रॅकिऑप्सच्या दूरच्या नातलगांनी घेतलेली दिसते. त्यातल्या एकाचे नाव कुट्टिसेफॅलस, कुट्टी यांच्यावरून. हायपरोडॅपेडॉनही याच दरम्यान नाहीसा होतो. आणि याच वरच्या थरांत लांब मानेचे डायनोसोर वाढू लागतात. जाकलापल्लीसॉरस आणि नांबालिया हे दोघे २०११ मध्ये जाहीर झाले. त्याच्याही वर धर्मारममध्ये लँप्लूसॉरा येतो, पामेला रॉबिन्सन यांच्या मधल्या नावाचा. खालच्या मलेरीतला आल्वाल्केरिया हा लहानसा डायनोसोर त्यांच्यापुढे काहीच नव्हे. डायनोसोर इतरांना लढून हरवत पुढे आले, असे चित्र लोकांच्या मनात आहे. या थरांत ते तसे दिसत नाही. आधीचे मोठे शाकाहारी गेले, जागा रिकामी झाली, आणि मग हे मोठे झाले.

आल्वाल्केरियाविषयीही सावध राहावे लागते. १९८७ मध्ये त्याचे वर्णन झाले तेव्हा जी हाडे त्याची म्हणून घेतली गेली, त्यांतली काही दुसऱ्याच प्राण्यांची असल्याचे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले. मांडीचे आणि घोट्याचे हाड डायनोसोरचे, यावर मात्र बहुतेकांचे एकमत आहे. याहून मोठा धडा मध्य प्रदेशातल्या टिकी थरांचा. तिथून मिळालेल्या एका लहान जबड्याला २००६ मध्ये टिकिग्वानिया हे नाव देऊन जगातला सर्वांत जुना सरडा म्हटले गेले, आणि सरड्यांच्या उत्क्रांतीच्या कालगणनेत त्याचा आधार घेतला गेला. २०१२ मध्ये तो जबडा आजच्या सरड्यांशी ताडून पाहिला गेला. तो इतका सारखा निघाला की जुन्या खडकात मिसळलेला अलीकडचाच जबडा म्हणावा लागला. त्याच थरांतला टिकिथेरियम नावाचा दात आद्य सस्तन प्राण्याचा मानला जात होता. २०२४ मध्ये तो कितीतरी नंतरच्या काळातल्या चिचुंद्रीचा असल्याचे मांडले गेले. यात कुणाची अप्रतिष्ठा नाही. ती हाडे जपून ठेवली होती, नोंदींसह, म्हणून दुसऱ्या कुणाला ती पुन्हा तपासता आली. हरवलेल्या हाडाचा दावा तपासताही येत नाही आणि सोडताही येत नाही.

नवे सापडणे थांबलेले नाही. पचमढीला गेलेल्यांनी डेनवा नदी पाहिली असेल. तिच्या नावाच्या मध्य ट्रायासिक थरांतून २०१७ मध्ये शृंगसॉरस इंडिकस जाहीर झाला : तीन-चार मीटर लांब, शाकाहारी, आणि कपाळावर पुढे झुकलेली दोन शिंगे. डोक्यावर अशी शिंगे मिरवणारे डायनोसोर त्याच्यानंतर कितीतरी कोटी वर्षांनी आले. एकाच जागी लहानमोठे निदान सात प्राणी मिळाले, त्यामुळे वयात येताना शिंगे कशी वाढत हेही कळले. शिंगे सगळ्याच प्रौढांना नव्हती; ती बहुधा नरांनाच असावीत आणि झुंजीसाठी असावीत.

महाराष्ट्राच्या वाट्याला यातले काय येते, असे कुणी विचारले तर माझे उत्तर असे. मलेरी आणि येर्रापल्ली आज तेलंगणात आहेत, पण प्राणहिता ही दोन राज्यांमधली हद्द आहे, खडकांमधली नव्हे. सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म उद्यान आहे आणि तिथे लोक मुद्दाम जातात, हे चांगलेच आहे. कामठीचे नाव घेतलेले थर नागपूरपासून चंद्रपूर-वणीपर्यंत पसरले आहेत. या पट्ट्यातल्या उघड्या कोळसा खाणींत कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरचा खडक काढून टाकला जातो. खाणीतले लोक त्याला ओबी म्हणतात. त्या ओबीत मोठा भाग कामठी थरांचा असतो. वर्षानुवर्षे डोंगरांएवढे ढीग लागत आहेत, आणि ते जीवाश्मांसाठी नियमाने तपासले जात नाहीत. मला हे फार मोठे नुकसान वाटते. पाने तिथे मिळतात, याची नोंद हिस्लॉप यांच्या काळापासून आहे; मग हाडे मिळणारच नाहीत असे कुणी धरून चालू नये.

पुस्तकाची मांडणी काळानुसार आहे, पण वाचकाने तसेच वाचावे असा आग्रह नाही. ज्याला हाडांच्या तपशिलांचा कंटाळा येईल त्याने हायपरोडॅपेडॉन आणि पॅरासुकस ही दोन प्रकरणे आधी वाचावीत. प्राण्यांची शास्त्रीय नावे देवनागरीत लिहिली आहेत आणि त्यांना ओढूनताणून मराठी प्रतिशब्द दिलेले नाहीत, कारण या नावांत माणसे आणि गावे आहेत, ती पुसली जाऊ नयेत. आकार आणि वजने जिथे अंदाजाची आहेत तिथे ती गाळली आहेत.

विदर्भातल्या वाचकांसाठी शेवटच्या प्रकरणात एक छोटी कृती दिली आहे, ती इथेही सांगतो. शेतात, नाल्याच्या काठाला, खाणीच्या ढिगाजवळ दगडात हाडासारखे काही दिसले तर ते उचलू नये, खणू तर मुळीच नये. शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून फोटो काढावा. एक फोटो जवळून, एक लांबून, आसपासचा थर दिसेल असा. मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपून घ्यावेत, आणि दगड कुठल्या रंगाचा, त्याच्या वर-खाली काय आहे, ते लिहून ठेवावे. मग नागपूरला सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे तिथे, किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात कळवावे. मांगलीच्या थराचे वय ठरवायला त्याच थरातून आणखी हाडे हवी आहेत. ती वर्धेच्या खोऱ्यात रोज जनावरे चारणाऱ्या, विहिरी खणणाऱ्या, खाणीत कामाला जाणाऱ्या कुणाच्या नजरेला पडण्याची शक्यता कोलकात्याहून किंवा लंडनहून येणाऱ्या अभ्यासकापेक्षा कितीतरी जास्त आहे.